टप्प्यांची परीक्षा आणि हंगामाचे गाव

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत भिंतीला चिकटवलेले वेळापत्रक हमखास सापडते. पहाटे पाच ते सात राज्यघटना, आठ ते अकरा इतिहास, दुपारी भूगोल, संध्याकाळी चालू घडामोडी, रात्री गणित-बुद्धिमत्ता. बेरीज बारा तासांच्या खाली येत नाही. हा कागद बहुधा पुण्याच्या पेठांतून आलेला असतो, निदान त्याचा साचा तरी. सदाशिव पेठेत, नवी पेठेत हे चालते, कारण तिथल्या पोराच्या दिवसात कॉट, मेस आणि अभ्यासिका यांखेरीज दुसरे काही नसते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीत हाच कागद भिंतीला लावणाऱ्याच्या घरी संत्र्याचा बगीचा असतो, पऱ्हाटी असते, एखाद्याचा पानपिंपळीचा मळा असतो. त्याच्या वेळेवर आयोगाच्या आधी वावराचा हक्क असतो.

म्हणून राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभ्यासातल्या वेळेचा प्रश्न इथून पाहिला की वेगळा दिसतो. दिवसाचे किती तास, यावर सगळ्यांचे बोलून झाले आहे. मार्गदर्शन शिबिरांची निम्मी व्याख्याने त्यावरच खर्ची पडतात. वर्षाचे किती आठवडे, त्यातले कोणते कोणत्या टप्प्याला आणि दोन टप्प्यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांचे काय, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते पोरे अडकतात ती तिथेच.

टप्पे आले कुठून, हे आधी पाहू. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे केंद्राच्या सनदी परीक्षेत पूर्वपरीक्षा नव्हती. थेट लेखी, मग मुलाखत. अर्जांची संख्या वाढत गेली तसे सगळ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणे अवघड झाले. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ पासून पूर्व, मुख्य, मुलाखत ही तीन पायऱ्यांची रचना सुरू झाली. पूर्वपरीक्षा ही चाळणी आहे. तिचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत; जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार मुख्य परीक्षेला घेतले जातात. यातून आयोगाचा वेळ वाचला, तो उमेदवाराच्या खात्यावर गेला. एका परीक्षेचे चक्र वर्षभराचे झाले, आणि कोणत्याही पायरीवर घसरणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. मागच्या खेपेला मुलाखतीपर्यंत पोचलेल्यालासुद्धा.

प्रत्येक टप्प्यावर घड्याळाचा वेग निराळा असतो, हे आकड्यांत मांडले की नीट कळते. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. सी-सॅट या कल चाचणीच्या पेपरात तेवढ्याच वेळात ८० प्रश्न, पण उतारे लांबलचक. राज्य आयोगाच्या गट ब आणि गट क च्या संयुक्त पूर्वपरीक्षांत, पोरांच्या भाषेत कंबाईनमध्ये, १०० प्रश्नांना एकच तास, म्हणजे ३६ सेकंद. वर चुकलेल्या उत्तरांची कपात. केंद्राच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला २० प्रश्न आणि तीन तास असतात. दहा गुणांचे दहा, पंधरा गुणांचे दहा. पहिल्यांना सात मिनिटे दिली आणि दुसऱ्यांना अकरा, तर बरोबर १८० मिनिटे होतात. विचार करायला, पेनाची शाई संपली तर दुसरे पेन काढायला, एकही मिनिट उरत नाही. असे दिवसाला दोन पेपर. ३६ सेकंदांत पर्याय छाटणारे डोके आणि दिवसाला सहा तास लिहिणारा हात यांची तयारी वेगवेगळी करावी लागते. मुलाखतीत तर घड्याळ आपल्या हातातच नसते.

महाराष्ट्रात हा फरक गेल्या काही वर्षांत एकदम अंगावर आला. २०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा जवळपास सगळी वस्तुनिष्ठ होती. ८०० गुण, त्यात भाषेचा एक पेपर तेवढा लिहायचा, बाकी गोल रंगवायचे. त्यामुळे राज्यसेवा, कंबाईन आणि सरळसेवेची तलाठी-ग्रामसेवक भरती यांची तयारी एकाच जोराने व्हायची. पुस्तके तीच, सराव तोच, खोली फक्त कमीजास्त. २०२२ मध्ये आयोगाने केंद्राच्या धर्तीवर वर्णनात्मक पद्धत जाहीर केली. ती २०२३ पासून लागू होणार म्हटल्यावर पुण्यात पोरे रस्त्यावर बसली आणि अखेर अंमलबजावणी २०२५ वर गेली. आता मुख्य परीक्षा १,७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. मराठी-इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन.

या बदलाबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. अंजनगावच्या पोराच्या वेळेपुरते त्याचे फलित एवढेच, की पूर्वीचे एक वर्ष आता दोन तयाऱ्यांत वाटावे लागते. कंबाईन अजून गोलांचीच आहे. राज्यसेवा लिहिण्याची झाली. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा पूर्वी तरून जायचा, आता त्याला निवड करावी लागते, आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच करावी लागते. बहुतेक जण ती करत नाहीत. जाहिरात आली की फॉर्म, फॉर्म भरला की त्या परीक्षेचे पुस्तक, पुस्तक अर्धे झाले की दुसरी जाहिरात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६०० च्या घरातल्या जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, आणि राज्यसेवेचा अभ्यास दोन-तीन महिने बाजूला ठेवून त्या गर्दीत उतरलेले अभ्यासिकेतले चेहरे मी पाहिले आहेत. ते चुकले असे मला म्हणवत नाही. घरी सोयाबीनला भाव नसताना तलाठ्याची नोकरी सोडून उपजिल्हाधिकाऱ्याचे स्वप्न पाहा, असे सांगणारा एक तर वक्ता असतो, नाही तर क्लासवाला.

वैकल्पिक विषय हा वेळेच्या हिशेबातला सगळ्यात मोठा खड्डा. १,७५० पैकी ५०० गुण त्याचे, आणि तो पूर्वपरीक्षेत कुठेच नाही. त्यामुळे ‘आधी प्रिलिम निघू दे, मग ऑप्शनल बघू’ हे वाक्य ऐकू येते. केंद्राच्या २०२५ च्या परीक्षेत पूर्व २५ मे रोजी झाली, निकाल ११ जूनला लागला आणि मुख्य २२ ऑगस्टला सुरू झाली. निकालापासून मोजले तर दहा आठवडे हाती आले. त्यात निबंध, चार सामान्य अध्ययने आणि वर दोन पेपरांचा अख्खा विषय बसत नाही. राधाबाई सारडा महाविद्यालयातून मराठी किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवी केलेल्याला, किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी होऊन परतलेल्याला, इथे एक फायदा आहे आणि तो त्याला कोणी सांगत नाही. त्याचा विषय त्याने तीन-चार वर्षे शिकलेला असतो. पण अमुक विषयाला गुण मिळतात, टॉपरचा तमुक होता, असे ऐकून तो नवाच विषय हाती घेतो आणि हाताशी असलेली वर्षे सोडून देतो. शेतकऱ्याच्या पोराने कृषी हा विषय केवळ ‘कॉमन’ वाटतो म्हणून टाळावा, हे मला कधी समजलेले नाही.

सी-सॅटचे दुखणे उलट दिशेचे. केंद्रात २०१५ पासून आणि राज्यसेवेत २०२२ च्या परीक्षेपासून हा पेपर फक्त पात्रतेचा आहे, ३३ टक्क्यांचा. २०० पैकी ६६. एका प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे चुका न करता २७ प्रश्न सुटले की भागते. एवढेच असल्यामुळे कला शाखेची पोरे त्याला हातच लावत नाहीत आणि पहिल्या पेपरात कटऑफच्या वर असूनही बाहेर पडतात. याला रोजचा तास लागतोच असे नाही. जुन्या दोन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की किती वेळ द्यावा लागेल ते त्याच दिवशी कळते. कोणाला आठवड्याचा एक रविवार पुरतो, कोणाला तीन महिने रोज लागतात. दुसऱ्याच्या वेळापत्रकातून हे उत्तर मिळत नाही.

आता वाचनाच्या तासांबद्दल. मानसशास्त्रात या प्रश्नावर बरेच काम झाले आहे आणि त्यातले निदान दोन निष्कर्ष इतके पक्के आहेत की ते वेळापत्रकात यायलाच हवेत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिले. एका गटाने ते पुन्हा वाचले, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. आपल्याकडे चौथ्यांदा वाचलेल्या लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरील पुस्तकावर चौथ्या रंगाचा हायलायटर फिरतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचा आनंद मिळतो आहे, एवढेच. दुसरा निष्कर्ष उजळणीच्या अंतराचा. २००८ मध्ये सेपेडा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जितके पुढे लक्षात ठेवायचे, तितके दोन वाचनांतले अंतर वाढवावे. काही महिन्यांनंतरच्या परीक्षेसाठी ते आठवड्यांत मोजण्याइतके. सलग तीन दिवस भूगोल संपवून ‘झाला’ म्हणण्यापेक्षा तोच वेळ तीन तुकड्यांत, मध्ये पंधरा-वीस दिवस सोडून दिला तर जास्त उरते. ज्याला शेतीच्या कामामुळे सलग दिवस मिळतच नाहीत, त्याला ही बातमी चांगलीच आहे. तुटक वेळ मिळतो म्हणून तो मागे पडतो असे त्याला वाटत असते. त्या वेळेत काय करायचे हे ठरलेले नसते, म्हणून तो मागे पडतो.

तो तुटक वेळ कसा असतो, तेही पाहू. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, एखादा आठवडा दिवसा, एखादा रात्री. रात्रीची लाईन असली की ओलितासाठी कोणीतरी वावरात जावेच लागते, आणि घरातला ‘रिकामा’ म्हणजे अभ्यास करणारा. मोटार चालू करायची, एका सरीतले पाणी भरले की बारे मोडून दुसरीकडे वळवायचे. दोन बाऱ्यांच्या मधली वीस-पंचवीस मिनिटे मोकळी असतात. मोबाईलच्या उजेडात पुस्तक वाचणे तिथे जमत नाही, किडे येतात. पण काल वाचलेला पंचायत राजचा घटनादुरुस्तीचा भाग मनात म्हणून पाहता येतो. कुठे अडले ते सकाळी वहीत बघता येते. अशा पाळीनंतरच्या सकाळी पाच वाजता राज्यघटना उघडायचा संकल्प मात्र कोणी करू नये. तो मोडतो, आणि मोडल्याची टोचणी उरलेला दिवस खाते. वेळापत्रक दोन असावीत, दिवसाच्या लाईनच्या आठवड्याचे वेगळे, रात्रीच्या लाईनच्या आठवड्याचे वेगळे. हे कुठल्याही शिबिरात मी ऐकलेले नाही.

मुलींचा वेळ याहून तुटक असतो. पोरगा अभ्यासाला बसला की घर त्याला चहा नेऊन देते. पोरगी बसली की पाणी आले म्हणून उठते, पाहुणे आले म्हणून उठते, आणि अभ्यासिका रात्री उघडी असली तरी तिच्यासाठी दिवेलागणीला बंद होते. शिवाय तिच्यावर दुसरी एक कालमर्यादा असते. खुल्या गटाला राज्यसेवेत वयाची ३८ वर्षे आहेत, मागासवर्गीयांना ४३. पण घरच्यांनी दिलेली मुदत बहुधा पदवीनंतर दोन वर्षांची. दोन वर्षांत एखादे पूर्ण चक्र आणि दुसऱ्याचा अर्धा भाग बसतो. वेळेच्या नियोजनावरची पुस्तके या वाटाघाटीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. खरे तर तिचे पहिले नियोजन तेच असते, घरात बसून मुदत वाढवून घेणे.

वयाची ही ओढाताण जुनी आहे. आयसीएसची परीक्षा लंडनला व्हायची तेव्हा १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे उत्तीर्ण होऊनही वयाच्या वादात अडकले होते. आपल्याकडची चालू वर्ष धरून वय सांगायची पद्धत आणि तिकडची पूर्ण वर्षांची मोजणी यांचा घोळ झाला. झगडून दोघांनीही जागा परत मिळवल्या. पुढे १८७८ पासून वयोमर्यादा १९ वर आणली गेली, म्हणजे इकडून जाणाऱ्याला तयारीला वेळच उरू नये. वेळ देणे आणि काढून घेणे ही सत्तेची जुनी तऱ्हा आहे.

आजची तऱ्हा तारखांची आहे. २०२० ची राज्यसेवा पूर्व ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. टाळेबंदी आली, मग नव्या तारखा, मग मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, मग पुन्हा तारखा. १४ मार्च २०२१ ही नक्की धरून पोरे बसली होती; तीन दिवस आधी तीही पुढे गेली. पुण्यात नवी पेठेत त्या संध्याकाळी जो उद्रेक झाला तो सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. २०२४ ची पूर्व २५ ऑगस्टला होती, त्याच दिवशी बँकांची आयबीपीएसची परीक्षा. आंदोलन झाले, परीक्षा १ डिसेंबरवर गेली. २०२५ ची २८ सप्टेंबरला होती. अतिवृष्टीने ती ९ नोव्हेंबरला झाली.

तारीख हलली की नियोजन कोसळते, ही तक्रार खरी आहे. पण लांबलेला वेळ सगळे एकसारखा वापरत नाहीत. लांबलेल्या काळात बहुतेक जण पूर्वपरीक्षाच पुन्हा वाचतात, कारण ती समोर दिसते. त्या काळात वैकल्पिक विषयाचा पहिला पेपर पुरा करणारे, रोज दोन उत्तरे लिहून एखाद्याकडून तपासून घेणारे, थोडेच. आयोग दरवर्षी अंदाजित वेळापत्रक जाहीर करतो. ‘अंदाजित’ या शब्दाला धरूनच वर्ष आखावे, आणि तारीख दीड-दोन महिने पुढे गेली तर ते दिवस कोणत्या कामाला द्यायचे हे जानेवारीतच लिहून ठेवावे.

वऱ्हाडात आखणीला शेतीचे दिनमानही धरावे लागते. मार्च ते मे हा त्यातल्या त्यात मोकळा काळ, लग्नसराई सोडून. केंद्राची पूर्व मेअखेर असल्याने ती इथल्या पोराला सोयीची. मृग लागायच्या आत आटोपते. मुख्य परीक्षा मात्र डवरणी, निंदण, फवारणी यांच्या ऐन धांदलीत येते. २०२५ मध्ये तिचा निबंधाचा पेपर ज्या दिवशी होता, २२ ऑगस्ट, त्याच दिवशी पोळा होता. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापसाची वेचणी दिवाळीपासून पुढे. त्यामुळे जून ते ऑगस्ट हे दहा आठवडे गावाबाहेर काढणे शक्य असेल तर तेवढेच काढावेत, असे माझे मत आहे. पूर्वपरीक्षा गावात बसून निघते. पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका, मोबाईलवरची व्याख्याने सगळे इथे मिळते. उत्तर तपासणारे डोळे मिळत नाहीत. त्यासाठी अमरावतीचे शासकीय पूर्वप्रशिक्षण केंद्र आहे, मुंबईची १९७६ पासूनची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या विद्यावेतनाच्या योजना आहेत. तीन-तीन वर्षे पुण्यात भाड्याची कॉट धरून बसण्यात वावराचे दोन हंगाम तरी बापाच्या एकट्याच्या अंगावर पडतात, आणि त्या तीन वर्षांतला खरा उपयोगाचा काळ काही महिन्यांचाच असतो.

उरला निकालानंतरचा काळ, ज्याला वेळापत्रकात रकानाच नसतो. मुख्य झाल्यावर महिनोन् महिने काही कळत नाही. पुढच्या पूर्वचा अभ्यास धरावा तर मन लागत नाही, न धरावा तर भीती वाटते. गावात पारावर विचारणारे असतातच, “काऊन बावा, लागला काय निकाल?” निवड होऊनही सुटका नसते. राज्यसेवा २०१९ चा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला, आणि आरक्षणाच्या न्यायालयीन गुंत्यात निवडलेल्यांना वर्षाहून अधिक काळ नेमणुकीची वाट पाहावी लागली. या काळात दहावीच्या शिकवण्या घेणारे, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे, संत्र्याच्या व्यापारात चार पैसे पाहणारे मनाने खूप बरे राहतात, असे दिसते. पोरे यालाच ‘प्लॅन बी’ म्हणतात आणि थोडे कमीपणाचे मानतात.

यातला सगळ्यात भक्कम प्लॅन बी म्हणजे आधी लागलेली खालची नोकरी. तलाठी किंवा सहायक म्हणून रुजू झालेला उमेदवार घरच्यांचे ऐकून घेत नाही, मेसचे पैसे मागत नाही. त्याला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, जानेवारीत १५ आणि जुलैत १५ खात्यावर जमा होते. दोन वर्षे ती न मोडता साठवली तर मुख्य परीक्षेच्या आधीचे दोन महिने हाती येतात. अडचण एवढीच, की रजा मंजूर व्हावी लागते. अतिवृष्टी झाली की तलाठ्याला पंचनाम्यासाठी बांधाबांधावर फिरावे लागते, आणि अतिवृष्टीचा मोसम ऑगस्ट-सप्टेंबरचा. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची पूर्व सहा आठवडे पुढे गेली तेव्हा पुरात अडकलेल्या उमेदवारांची सोय झाली हे सगळ्यांनी लिहिले. ज्यांच्या हातात त्या दिवसांत दुसऱ्यांच्या बुडालेल्या वावरांचे पंचनामे होते, त्या परीक्षार्थी तलाठ्यांचे दिवाळीपर्यंतचे कितीतरी आठवडे मात्र पंचनाम्यांच्या याद्यांतच गेले, आणि पूर्व ९ नोव्हेंबरला होती.